नववं भिंग

नंदुरबारात मिरची पथारीवर पडली
की दिवसा आम्ही भिंगं मोजत नाही.
एक ठसका पुरतो,
पडद्यावरची रेघ उडते होल्यासारखी.
मालगाडीचंही तेच.
म्हणून मोजणी रात्री, अडीच ते पावणेचार,
सुरतेकडची शेवटची गाडी धडधडून गेली,
जमीन शांत झाली, की मग.

उखर्डूभाऊ पूड लावत असतात.
हिऱ्याचीच पूड, तेलात खललेली,
केसाहून बारीक सुईच्या टोकावर.
समोर हिऱ्याची चकती, करंगळीच्या नखाएवढी.
खाणीतली नाही. वायूतून वाढवलेली,
थरावर थर, दुधावर साय धरावी तशी.
तिच्यात लेसरनं खणलेला खड्डा,
तोंड खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढं, आत काजळी.
काजळी मी आम्लात उकळून काढते.
मागे राहतो तो खडबडीतपणा
भाऊंच्या वाटणीचा.

बावीस वर्षं ते सुरतेत घंटीवर बसले.
एका खड्याला अठ्ठावन्न पैलू,
असे किती खडे, त्याचा हिशोब शेठकडे.
"तिकडं चमकवायचं होतं, ताई. इकडं काय करायचं?"
इकडे वाट गुळगुळीत करायची, मी म्हटलं,
कुणालाच न दिसणाऱ्या उजेडासाठी.

काचेचं भिंग पोटाशी फुगतं,
आमचं दोन्ही बाजूंनी खपाटीला गेलेलं.
क्ष-किरण उलट्या स्वभावाचा,
पोकळीनंच तो एकवटतो,
आणि एका भिंगानं वाकतो नावापुरता.
म्हणून एकामागे एक, एकवीस.
दुसरा कुठला पदार्थ त्या झोतात तापून वाकडा झाला असता,
हिरा ताप धरून ठेवत नाही. देऊन टाकतो.

(आधीची तीन पोरं गेली, म्हणून चौथ्याला आईनं
उकिरड्यावर ठेवलं आणि उचलून घरी आणलं.
यमाला वाटावं, टाकाऊच आहे.
भाऊ हे नाव पगारपत्रकावर
जरा ठळक अक्षरात लिहितात.)

पहिल्या चाचणीला शिशाच्या भिंतींची खोली बंद केली.
ठिपका आला.
त्याला शेपटी, खाली डावीकडे,
पालीनं तोडून टाकलेली असते तशी.
मी एकवीस आलेख पुन्हा काढले. एकवीसही पास.
दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री भाऊंनी
एकेक चकती डोळ्याशी तिरकी धरली,
सुरतेत खडा धरायचे तशी,
आणि म्हणाले, "नववं."
खड्डे दोन्ही चांगले.
पुढचा आणि मागचा.
फक्त समोरासमोर नाहीत.

चकती पालथी मी घातली होती.
त्या दिवशी फोन आला होता शहाद्याहून,
लग्नाचं काय ठरवलंस म्हणून.
हे मी भाऊंना सांगितलं नाही,
त्यांनी विचारलंही नाही.

वीसच ठेवली.
कॅमेरा दोन बोटं मागे सरकवला,
कारण झोत आता जरा लांब जाऊन मिळणार होता.
पावणेचारला सात मिनिटं होती.
शेपटी नव्हती.
भाऊ काचेतून त्या खोलीत बघत राहिले,
पंख्याची घरघर, रिकामी हवा,
पलीकडे भिंत.
"दखात त काहीच नही," ते म्हणाले,
आणि तरी बराच वेळ बघत राहिले.

सकाळी स्टेशनाबाहेर बर्फगोळेवाला
लादीवरचं पोतं काढत होता.
भाऊंनी खिशातून नववं काढलं,
चिमटीत धरलं, बर्फावर टेकवलं.
जोर लावला नाही. चकती आपसूक आत गेली,
बोटांची ऊब घेऊन,
लोण्यात सुरी जावी तशी,
आणि बर्फात एक सरळ फट राहिली.
गोळेवाला वाकून बघायला लागला.
"हाई काय शे, भाऊ?"
उखर्डूभाऊंनी ती सदऱ्याला पुसली.
"खड्डा शे," म्हणाले,
आणि दोन गोळे सांगितले,
एक काळा खट्टा,
एक माझा.